गतिरोधक आधी सरळ घ्या, मग तिरका

सकाळी सहाच्या सुमाराला नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या एखाद्या कॉलनीत, दूधवाले आणि फिरायला निघालेली माणसं सोडली तर रस्ता रिकामा असतो. अशा वेळी जुनी ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्लिश स्पोर्ट्स गाडी पहिल्या गिअरमध्ये एका गतिरोधकावरून न्यावी. सरळ न्यावी, पुढची दोन्ही चाकं एकदम चढतील आणि एकदम उतरतील अशी. मग गाडी वळवून तोच गतिरोधक तिरका घ्यावा, आधी डावं चाक, मग उजवं. पहिल्या खेपेला गाडी गप्प राहिली आणि दुसऱ्या खेपेला पुढून कुठून तरी कोरडी ‘खट्’ आली, तर पुढच्या सस्पेन्शनमधली एक छोटी लिंक ढिली आहे, हे निम्मं निदान तिथेच झालं.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पुढच्या दोन चाकांना जोडणारी, वळणावर गाडीचं कलणं आवरणारी स्प्रिंग स्टीलची एक वळवलेली कांब असते. पुस्तकात तिला अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकेत स्वे बार, आणि आपले मिस्त्री सरसकट स्टॅबिलायझर. तिचा मधला भाग चासीला रबरी बुशमध्ये, म्हणजे रबराच्या गोल आवरणात, धरलेला असतो आणि दोन्ही टोकं दोन छोट्या लिंक्सनी खालच्या आर्मना, म्हणजे विशबोनना, जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर अख्खा बार आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो. त्याला पीळ पडत नाही, म्हणून लिंकवर जोर येत नाही. एकच चाक वर गेलं की मात्र बार पिळला जातो, आणि तो सगळा पीळ त्या चार बोटांच्या लिंकमधून जातो. लिंकमध्ये अर्धा मिलिमीटर जरी ढिलाई असेल तरी ती तिथे बोलते. शॉक ॲब्सॉर्बर ढिला असेल तर तो दोन्ही खेपांना बोलेल, कारण त्याला शेजारचं चाक काय करतंय याच्याशी घेणं नसतं. चासीवरचे बुश सुकले असतील तर खटखटीऐवजी करकर येते, आणि तीही दोन्ही खेपांना, कारण बार दोन्ही वेळा फिरतो.

एवढी साधी परीक्षा असताना या एका आवाजापायी लोक पुढचे दोन्ही शॉक बदलतात, बॉल जॉइंट बदलतात, स्टिअरिंग रॅक उघडतात. चासीतून आवाज फिरत फिरत येतो आणि ड्रायव्हरच्या पायाशी ऐकू येतो, म्हणून ही दिशाभूल होते. गाडीतला सर्वांत स्वस्त भाग सर्वांत शेवटी तपासला जातो, याचं खरंच वाईट वाटतं.

स्पिटफायर १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि १९८० च्या ऑगस्टपर्यंत इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळच्या कॅनली कारखान्यात बनत राहिली. आकार जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचा. आपल्याकडे ही गाडी कमी, पण तिची थोरली बहीण आपल्या ओळखीची आहे. मद्रासला स्टँडर्ड कंपनी १९६१ पासून जी हेराल्ड बनवायची, तिच्याच घराण्यातली ही. पुढचं सस्पेन्शन त्याच कुळातलं. हेराल्डवर हात चाललेला जुना मिस्त्री भेटला तर त्याला स्पिटफायरचं पुढचं टोक नव्याने शिकवावं लागत नाही. आणि दोन्ही गाड्यांचं एक मोठं सुख म्हणजे बॉनेट. मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, की पुढचं सस्पेन्शन उघड्या ताटासारखं समोर. टायरवर बसून काम करता येतं. लिंक बदलण्यासाठी याहून सोयीची गाडी शोधून सापडायची नाही.

या गाडीला पुढचा बार शोभेसाठी दिलेला नाही. मागे स्प्रिंगचा एकच आडवा पाटा आहे, त्याच्या टोकांना चाकं, आणि ॲक्सल डिफरन्शियलपासून, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्यापासून, झुलते. जोरात वळताना अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग वर उचलला जातो आणि बाहेरचं मागचं चाक आत दुमडायला बघतं. ही या रचनेची मूळ खोड. १९७० च्या मार्क फोरपासून, म्हणजे चौथ्या आवृत्तीपासून, तो पाटा मधोमध झुलता केला, म्हणजे गाडी कलताना मागचा विरोध मुद्दाम कमी केला आणि कलण्याला आवर घालायची जबाबदारी मुख्यतः पुढच्या बारवर टाकली. आता पुढची एक लिंक तुटली तर काय होईल ते पाहा. जुन्या, न झुलणाऱ्या पाट्याच्या गाडीत वळणावर वजनाच्या सरकण्याचा मोठा वाटा मागच्या टायरांवर पडतो आणि शेपूट आधी सुटतं. झुलत्या पाट्याच्या गाडीत अंग इतकं कलतं की स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी काही क्षण विचार करते आहे असं वाटतं. कसारा घाट उतरताना या दोन्ही गोष्टी नकोत.

अनेकांचा एक गैरसमज असतो: डावी लिंक तुटली तर डावीकडचा बार गेला, उजवीकडचा आहे. तसं नसतं. बार दोन टोकांमध्येच पिळला जातो. एक टोक मोकळं झालं की दुसऱ्या टोकाला धरायला काही उरत नाही, आणि दोन्ही बाजूंनी बार निकामी होतो. म्हणून रस्त्यात लिंक तुटली तर दुसरीही सोडून टाकायची, बारची टोकं तारेने चासीला नीट बांधायची, टायरला आणि ब्रेकच्या होजला लागत नाहीत हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहायचं आणि सावकाश घरी यायचं. मोकळं लोंबणारं टोक ब्रेकच्या रबरी होजला घासलं तर लिंकच्या किमतीचं प्रकरण जिवावर बेततं.

आता हात घालू. लिंक हलवून पाहायची ती गाडी चाकांवर उभी असताना, किंवा पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवून. एकच चाक जॅकवर उचललं तर बार पिळलेला राहतो, लिंक ताणून धरतो आणि ढिलाई लपवतो. ‘काही नाही, घट्ट आहे’ असं सांगून गाडी परत पाठवली जाते ती बहुतेक वेळा याच चुकीमुळे. गाडी चाकांवर असताना एका हाताची दोन बोटं लिंकच्या टोकाच्या गोल भोकावर, म्हणजे तिच्या ‘डोळ्यावर’, ठेवा आणि दुसऱ्या हाताने बारचं टोक जोरात वरखाली करा. डोळ्याला दिसण्याआधी ढिलाई बोटांना कळते.

मग टॉर्च आणा आणि जवळून पाहा. लिंकच्या टोकातल्या रबराला आधी बाहेरच्या कडेला बारीक भेगा पडतात, मे महिन्यात गंगापूर धरणाच्या काठचा गाळ फाटतो तशा. एवढ्याने लिंक गेली असं नाही. कडेच्या भेगा वयाच्या असतात, नाशिकच्या उन्हाळ्याच्या असतात. भेग आत शिरून बोल्टाभोवतीच्या मधल्या नळीपर्यंत पोचली, किंवा रबर नळीपासून सुटून चमकदार, काळंकुळीत, गुळगुळीत दिसू लागलं, तर ती गेली. रबर एकाच बाजूला लांबट चेपलेलं असेल तर नळी मध्यावर राहिलेली नाही. आणि सर्वांत खरी खूण म्हणजे वॉशरच्या कडेला किंवा बोल्टाच्या भोकाशी जमलेली विटकरी रंगाची बारीक पूड. लोखंड लोखंडावर घासल्याशिवाय ती पूड होत नाही. साध्या गंजाचा थर खरवडावा लागतो, ही पूड बोटाने पुसली जाते. ती दिसली की नुसती लिंक बदलून भागणार नाही, भोक तपासावं लागणार.

लिंकचे ढोबळ दोन प्रकार जुन्या स्पोर्ट्स गाड्यांवर भेटतात. एक, ज्यात टोकाला रबर आणि मधली नळी एकमेकांना चिकटवलेली असतात, किंवा बॉल जॉइंटसारखा खुंटा असतो. दुसरा, एक लांब बोल्ट, त्यावर रबरी चकत्या, वॉशर आणि मध्ये पोकळ स्लीव्ह. दोन्हींची जोडणी वेगळी आणि दोन्हींच्या चुका वेगळ्या. हातात जी आहे ती आधी ओळखा, मगच पाना उचला.

पान्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे नुकसान सर्वांत जास्त होतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश गाड्यांचे बोल्ट इंची असतात, बहुतेक यूएनएफ, म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे. ३/८ इंची यूएनएफ बोल्टाच्या नटाला ९/१६ इंची पाना लागतो, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. आपल्या पेटीतला १४ चा त्यावर चढत नाही. मग १५ चा लावला जातो, आणि गंजलेल्या नटावर जोर दिला की तो कोपरे खाऊन टाकतो. ५/१६ च्या नटाला अर्ध्या इंचाचा, १२.७ मिलिमीटरचा, पाना लागतो. तिथे १३ चा बसतो खरा, पण ०.३ मिलिमीटर ढिला. हलक्या नटाला चालून जातं, जाम नटाला नाही. इंची रिंग पान्यांचा छोटा संच आणि सहा कोनी गोटी (सॉकेट) एवढी गुंतवणूक जुनी इंग्लिश गाडी घेणाऱ्याने गाडीबरोबरच करावी. बारा कोनी गोटी इथे नको.

याच जातीची दुसरी चूक आट्यांची. ३/८ यूएनएफ म्हणजे ९.५ मिलिमीटर जाड आणि इंचाला २४ आटे. दुकानात एम १०, म्हणजे १० मिलिमीटरचा बोल्ट, सहज मिळतो, म्हणून पूर्वी कुणी तरी भोक मोठं करून एम १० ठोकलेला असतो. पुढे नवी, बरोबर मापाची लिंक येते आणि त्या मोठ्या भोकात ती अर्धा मिलिमीटर खेळत राहते. नवी लिंक, तोच आवाज. दोष लिंकचा नसतो. असं लंबगोल भोक खालच्या आर्मच्या पट्टीत असेल तर ती पट्टी बदलता येते किंवा जाणत्या वेल्डरकडून भरून पुन्हा अचूक मापाचं भोक पाडता येतं. बारच्या टोकात असेल तर वेल्डिंग नको. बार उष्णतासंस्कार केलेल्या स्प्रिंग स्टीलचा असतो, वेल्डिंगची धग लागली की त्या जागी त्याचा गुण जातो आणि काही महिन्यांनी तो तिथेच तुटतो. भोक वाढवून आत पातळ पोलादी नळी घट्ट बसवणं हा त्यावरचा मार्ग, किंवा मग दुसरा बार.

गाडी उचलताना दोन्ही बाजू एकदम उचला. आधी हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण्या, मग चासीच्या भक्कम भागाखाली जॅक आणि दोन्हीकडे स्टँड. विटांवर गाडी ठेवू नका. वीट भार पेलते आणि मग एकदम फुटते, सूचना देत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नका. पुढची दोन्ही चाकं सारखी लोंबत असली की बारला पीळ राहत नाही आणि बोल्ट हाताने निघतो. तरी अडत असेल तर खालच्या आर्मखाली दुसरा छोटा जॅक लावून तो हळूहळू वर घ्या, एका जागी बोल्ट आपोआप मोकळा होतो. ठोकून काढायचा मोह होतो तो इथेच, आणि ठोकलं की आट्यांचं तोंड पसरतं.

लिंक काढल्याने सस्पेन्शनची मुख्य स्प्रिंग सुटत नाही, त्याची भीती नको. मात्र शेजारचा शॉकचा किंवा आर्मचा बोल्ट चुकून ढिला केलात तर गोष्ट वेगळी. म्हणून ज्या दोन नटांना हात लावायचा त्यांवर आधी खडूने खूण करा.

जाम नटावर आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल टाका, सकाळी पुन्हा एकदा. त्याआधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करा, कारण नट त्याच गंजलेल्या आट्यांवरून बाहेर यायचा आहे. डब्ल्यूडी-४० हलक्या गंजाला चालतं, वीस पावसाळे पाहिलेल्या नटासाठी ते पातळ पडतं. नट आधी किंचित घट्ट करायचा, मग सोडायचा. चिकटलेपण मोडायला तो पहिला पाव फेरा उपयोगी पडतो. बॉल खुंट्याच्या लिंकमध्ये नटाबरोबर खुंटाच फिरू लागतो. खुंट्याला पाना धरायला सपाट बाजू किंवा ॲलन कीचं भोक असतं, ते गंजाने बुजलेलं असेल तर खिळ्याच्या टोकाने साफ करा. तरी फिरला तर नट कापा. कटर ग्राइंडर वापरणार असाल तर ब्रेकचा होज आणि टायर ओल्या गोणपाटाने झाका आणि पाण्याची बादली जवळ ठेवा, कारण रबर पेटलं की काळा धूर होतो आणि जवळच तेल असतं. हॅक्सॉ ब्लेडने कापायला पंधरा मिनिटं जास्त लागतात आणि काहीही पेटत नाही. मी ब्लेडच सुचवेन.

दोन्ही लिंक एकदम बदला. एक गेली म्हणजे दुसरीनेही तेवढेच किलोमीटर, तेवढेच त्र्यंबक रोडचे पावसाळे खाल्लेत. एकीचं रबर नवं आणि दुसरीचं मऊ पडलेलं असेल तर गाडी डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळी वळते. तो फरक थोडा असतो, पण अशा गाडीत कळतो.

भाग आणण्याचा प्रश्न येतो तेव्हा नाशिककरांना एक सोय आहे जी बऱ्याच गावांना नाही. महिंद्रा, बॉश यांसारख्या कारखान्यांभोवती अंबड आणि सातपूर एमआयडीसीत सुट्या भागांची छोटी वर्कशॉप उभी राहिलेली आहेत, आणि तिथे लेथवर शंभर नगांचं काम करणारा माणूस मनात आणलं तर दोन नगही करून देतो. पण काय करून घ्यायचं आणि काय नाही, हे आपल्याला ठाऊक हवं. स्लीव्ह, वॉशर, साधी नळी, हे डोळे झाकून इथे करून घ्या. फक्त जुन्या गंजक्या स्लीव्हचं माप देऊ नका, तिची कड झिजलेली असते. दोन्ही बाजूंच्या स्लीव्ह मोजा, मोठी असेल ती धरा, आणि दोन्ही नव्या स्लीव्ह एकमेकींशी ०.२ मिलिमीटरच्या आत जुळायला हव्यात असं सांगा. बॉल खुंट्याची किंवा चिकटवलेल्या रबराची लिंक मात्र करून घेऊ नका, ती आयातच करा. स्पिटफायरचे भाग आजही इंग्लंडात नवे बनतात. कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च लिंकपेक्षा जास्त होतो हे खरं, म्हणून मागवताना चासीवरचे दोन बुशही त्याच डब्यात मागवा. तुटलेली लिंक वेल्ड करून वापरणं हा पर्याय मोजूच नये.

बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला साधा नको. डोक्यावर ८.८ लिहिलेला, किंवा इंचीमध्ये डोक्यावर तीन रेषा असलेला ग्रेड ५ चा हवा. साधा ४.६ चा बोल्ट इथे वाकतो, आणि वाकला की पुढच्या वेळी निघत नाही. चकचकीत स्टेनलेसचा मोह अनेकांना होतो, कारण गंजत नाही. पण दुकानात मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा बऱ्याच कमी ताणाला कायमचा ताणला जातो, आणि त्याचे आटे नटात चिकटून बसतात. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, नट एकदाच वापरायचे. जुना नायलॉक हाताने फिरू लागला तर तो नट राहिला, नायलॉक राहिला नाही.

रबराची निवड हा या सगळ्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय. मूळ बुश साधारण ६० ते ७० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचे असतात. बाजारात लाल, पिवळे पॉलियुरेथेनचे बुश मिळतात, ते ८० ते ९५ चे. ते टिकतात, तेलाला दाद देत नाहीत, फोटोत छान दिसतात. पण आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा ते जसाच्या तसा चासीला सांगतात, आणि ग्रीस सुकलं की पहिल्या पावसानंतर किंचाळायला लागतात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते वर्षाआड पुन्हा भरावं लागतं. शर्यतीची गाडी असेल तर त्यांना अर्थ आहे, रविवारी सापुताऱ्याला जाणाऱ्या गाडीला रबरच हवं. रबरातही फरक आहे. नैसर्गिक रबर वारंवारच्या पिळाला सर्वांत चांगलं टिकतं, पण त्याला तेल चालत नाही. कृत्रिम रबरांत नायट्राइलला तेल चालतं, ईपीडीएमला ऊन चालतं आणि तेल अजिबात चालत नाही. इंजिनमधून तेल ठिबकणारी गाडी असेल तर आधी ती गळती थांबवा, नाहीतर नवं रबरही फुगून मऊ पडेल. बुश बसवताना साधं ग्रीस लावायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडून द्यावी. साबणाचं पाणी पुरतं, ते सुकून जातं.

जाड बार बसवण्याबद्दल एक इशारा. बारचा पिळाला असलेला विरोध त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ११/१६ इंचाच्या जागी त्याच आकाराचा ७/८ इंचाचा बार घातला तर तो सुमारे २.६ पट कडक होतो. डोळ्याला पाव इंचाहून कमी फरक दिसतो, लिंकला मात्र तेवढ्याच कलण्याला अडीचपट ओझं उचलावं लागतं. जाड बार लावून जुन्याच लिंक ठेवल्या की त्या एका हंगामात का जातात, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

बसवणं. लांब बोल्टाच्या लिंकमध्ये क्रम असा: बोल्टाचं डोकं, वॉशर, रबर, मग बारचा डोळा, रबर, वॉशर, स्लीव्ह, वॉशर, रबर, खालचा आर्म, रबर, वॉशर, नट. एका लिंकला चार रबरं आणि चार वॉशर, दोन्ही मिळून आठ-आठ. वॉशर वाटीसारखा खोलगट असतो आणि वाटी रबराकडे यायला हवी. उलटा बसला तर त्याची कड रबर कापत जाते. घट्ट करताना रबर वॉशरच्या कडेइतकं फुगलं की थांबायचं. त्यापुढे आवळलं तर रबराची स्प्रिंग संपते आणि लिंक बोल्टासारखी ताठ होते. मग बोल्ट तुटतो, आणि लोक म्हणतात बोल्ट हलका होता.

चिकटवलेल्या रबराच्या लिंकची गोष्ट निराळी, आणि इथली चूक इतकी सर्रास होते की पुन्हा पुन्हा सांगायला लाज वाटू नये. या बुशमध्ये मधली नळी बोल्टाने घट्ट धरली जाते, बाहेरचा डोळा लिंकबरोबर फिरतो, आणि मधलं रबर पिळत राहतं. रबर कुठल्या तरी एका कोनात निवांत असतं. तो कोन तुम्ही नट घट्ट करता त्या क्षणी ठरतो. चाकं लोंबत असताना नट घट्ट केलात तर रबराचा निवांत कोन लोंबत्या चाकाचा झाला. गाडी खाली उतरली की ते पिळलं गेलं, आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीतही दिवसरात्र पिळलेलंच राहिलं. वर रस्त्याचा पीळ निराळा. वर्षभरात ते नळीपासून सुटतं. म्हणून हवेत असताना नट फक्त हाताने लावा. मग चाकं बसवा, गाडी खाली घ्या, पुढचं टोक दोनचार वेळा दाबून सोडा, शक्य असेल तर दोन माणसांना सीटवर बसवा आणि मग घट्ट करा. रॅम्प असेल तर उत्तम. ३/८ यूएनएफला साधारण ४० न्यूटन-मीटर पुरतात, गाडीच्या मॅन्युअलने वेगळा आकडा दिला असेल तर तोच मानायचा. चासीवरचे बुशही याच स्थितीत, शेवटी आवळा, म्हणजे बार स्वतःच मध्यावर येऊन बसतो.

घट्ट केल्यावर नटावरून बोल्टावर पिवळ्या रंगाची एक रेघ मारा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. लिंक होजला, टायरला, रिमला कुठे लागत नाही ना, हे टॉर्चने बघा.

इतकं सगळं उघडलंच आहे तर चाकाच्या आतल्या बाजूला तळाशी जो पितळी ट्रनियन दिसतो त्याला विसरू नका. चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते ट्रनियनमध्ये फिरतं. एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे, त्यामुळे भाग अदलाबदल होत नाहीत. त्यात ग्रीस नव्हे, ईपी ९० गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस आत कडक होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी आत राहतं, आटे गंजतात, आणि एक दिवस उभा दांडा तिथेच तुटून चाक बाजूला पडतं. लिंक तुटली तर गाडी कलते. ट्रनियन गेला तर गाडी चालतच नाही. हेराल्डवाल्यांनाही हेच लागू. दर १०,००० किलोमीटरला, आणि गाडी कमी चालत असेल तर दर वर्षी पावसाळ्यानंतर, नवं तेल बाहेर झिरपेपर्यंत भरा.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम आणले, त्यात ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी अट आहे, आणि मंजूर झाली की नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. लिंक आणि बुश बदलल्याने मूळ स्वरूप बिघडत नाही. चासीला नवे ब्रॅकेट वेल्ड करून रोज-जॉइंटच्या, म्हणजे रबराऐवजी धातूचा गोळा असलेल्या, ताठ लिंक बसवण्याचा विचार असेल तर मात्र आधी थांबा. जे बोल्टाने लागतं आणि बोल्टाने निघतं तेवढंच बदलावं.

शंभर किलोमीटर झाले की पुन्हा पाना घ्या. रबर बसतं, वॉशर थोडे दबतात. पिवळी रेघ सरकली असेल तर नट सैल झालाय. रेघ जागेवर असेल तर हात लावू नका. मग सकाळी त्याच गतिरोधकावर जा, एकदा सरळ, एकदा तिरका. दोन्ही वेळा गप्प, तर काम झालं. तिरक्याला अजूनही खट् येत असेल तर लिंक बरोबर आहे असं धरून चासीवरचे बारचे बुश आणि आर्मचं ते भोक पुन्हा पाहा. जुन्या लिंक फेकू नका. पुसून, तारीख आणि किलोमीटर लिहिलेला कागद दोऱ्याने बांधून डब्यात ठेवा. पुढच्या वेळी लेथवाल्याला दाखवायला तीच लागते.